फुलीचं दार

मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, प्रचार म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकाचा वास घेत, स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यांवर उभं राहून, ज्याला ऐकायचं नाही त्याला ऐकवणं. पण मला कुणी विचारलंच नाही. मीच आपली उठले आणि निघाले. या वयात. आणि तेही जन्मात ज्या पक्षाला कधी मत दिलं नाही, त्याच्यासाठी.

हो, बरोबर ऐकलंत. आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी डोळे वटारायला नको. आमचे हे त्या पक्षाचे, लग्नाच्याही आधीपासूनचे. आणि मी लग्नानंतर दोनेक वर्षांत, पहिल्याच मताला, दुसरीकडे वळले ती कायमची. तत्त्वबित्त्व काही नाही. लेक तान्ही होती तेव्हा त्या दुसऱ्यांनी आमच्या कारखान्याच्या फाटकाशी पाळणाघर काढलं, म्हणून माझी पॅकिंगमधली नोकरी टिकली. यांच्या पक्षाने पाळणाघर हवं यावर त्याच वर्षी फार सुंदर भाषणं केली होती. भाषणात मूल झोपवता येत नाही. मी तेव्हा ठरवलं ते ठरवलं आणि घरात मूग गिळून गप्प बसले. दर निवडणुकीला प्रचार सुरू झाला की हे एकदा विचारायचे, "मग, यंदा काय?" आणि मी गॅसकडे तोंड करून म्हणायची, "हो हो, तुमच्याच माणसाला." विषय तिथेच मिटायचा.

यांना सगळी वस्ती भोंगा म्हणायची. लिफ्टचे मेकॅनिक. खाली खड्ड्यात उभं राहून अगदी वरच्या मजल्यावरच्या पोराला "अजून वर घे!" म्हणून ओरडण्यात आयुष्य गेलेलं. घरात मीठ मागायचे ते शेजारीण आणून द्यायची. प्रचारात तर काय, हे एका दारात बोलले की मजल्यावरची सगळी दारं ऐकायची. पक्षाला लाउडस्पीकरचा खर्च कधी आलाच नाही.

गेल्या वर्षी घशात गाठ निघाली. गाठ काढताना डॉक्टरांना स्वरयंत्रही काढावं लागलं. जीव वाचला, त्याबद्दल मी रोज हात जोडते. पण गळ्याला श्वासापुरतं एक भोक, त्यावर पातळ रुमाल, आणि आवाज गेला तो गेलाच. हॉस्पिटलात बोलायला शिकवणारी एक मुलगी होती. तिने यांना टॉर्चएवढं यंत्र दिलं. ते गळ्याला लावायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे, की ते गुणगुणत शब्द काढतं. यांनी एकदाच लावलं. "पाणी," म्हणाले. डब्यात भुंगा अडकावा तसा तो आवाज. यांनी यंत्राकडे बघितलं, बंद केलं, आणि घरी आल्यावर माझ्या दोऱ्यांच्या खणात टाकून दिलं.

त्यानंतर जे खुर्चीत बसले ते बसले. खुर्चीसुद्धा भिंतीकडे तोंड करून. बेल वाजली की आतल्या खोलीत. नातीच्या पुसायच्या पाटीवर लिहायचे, तेही "भूक नाही" आणि "पंखा बंद कर" एवढंच. लेकीचा फोन आला की हात हलवून नको म्हणायचे. त्या शिकवणाऱ्या मुलीने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "काकू, पहिल्या वर्षात यंत्राची सवय लागली तर लागली. पुढे माणूस गप्प बसायलाच सरावतो. त्यांना माणसांत न्या." माणसांत न्या म्हणे. ती काय पिशवी आहे उचलून न्यायला? वर्ष संपत आलं होतं आणि मला दिवसाढवळ्या भीती वाटायची, की आता हे असेच राहणार. जिवंत, पण आतल्या खोलीत.

अशात निवडणूक लागली. आणि एका संध्याकाळी शिट्टीबाई आल्या. या शाळेत खेळ शिकवायच्या, निवृत्त झाल्या तरी गळ्यातली शिट्टी काही सुटली नाही. यांच्या पक्षाचं आमच्या भागातलं काम त्याच बघतात. बेल ऐकून हे नेहमीप्रमाणे आत गेले. बाई म्हणाल्या, "त्यांना विचारायलाही संकोच वाटतो हो. पण भोंग्याशिवाय निवडणूक म्हणजे..."

मला काय झालं कुणास ठाऊक. मी आतल्या खोलीच्या दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हटलं, "येतील की! न यायला काय झालं? दार हे वाजवतील, बोलेन मी."

दार उघडलं. हे बाहेर आले ते रागाने लालबुंद. माझ्याकडे बोट करून नुसते ओठ हलवले, "तू?"

"हो, मी. का? मला तोंड नाही?"

शिट्टीबाई एवढ्या हसल्या की त्यांची शिट्टी हलायला लागली. आणि हे, जे कित्येक महिन्यांत उंबऱ्याबाहेर गेले नव्हते, ते दुसऱ्या दिवशी बूट घालून बसले. माझ्या हातून पक्षाची अब्रू जाईल या काळजीने असेल. मला काय, बूट घातल्याशी मतलब.

पक्षाचं ऑफिस म्हणजे एक बंद पडलेलं केशकर्तनालय. उमेदवार बाईंच्या भावाचं. तिन्ही भिंतींना आरसे आणि त्या फिरत्या खुर्च्या. कार्यकर्ते दिवसभर फिरून आले की त्या खुर्च्यांत अंग टाकायचे आणि चहूकडून आपापलं दमलेलं तोंड बघत बसायचे. हरायला निघालेल्या पक्षाला याहून शोभेल असं ऑफिस मिळणार नाही. शिट्टीबाईंनी मला काम समजावलं. आधी हॉस्पिटलचा मुद्दा: गावातलं हॉस्पिटल बंद करून हायवेवर नेणार आहेत, आपल्या उमेदवार बाई ते थांबवतील. मग बसचा मुद्दा. वाद घालायचा नाही, चहाला थांबायचं नाही. आणि दार बंद झालं की हातातल्या कागदावर त्या घरापुढे खूण करायची. आपला असेल तर बरोबरची, त्यांचा असेल तर फुली, आणि कुंपणावरचा असेल तर गोल. कुंपणावरच्यांकडे पुन्हा जायचं.

यांची रीत अशी, की लिफ्ट असेल तर आधी सगळ्यात वर जायचं आणि जिन्याने एकेक मजला उतरत यायचं. लिफ्ट नसेल तर आपलं नशीब. हे बेल दाबायचे आणि एक पाऊल मागे सरून गळ्याचा रुमाल नीट करायचे. मी पुढे होऊन बोलायची. पहिल्या दिवशी बोबडी अशी वळली की सांगता सोय नाही. एका दारात मी हॉस्पिटल आणि बस यांची अशी खिचडी केली, की त्या बाईंनी विचारलं, "म्हणजे हॉस्पिटल बसमध्ये असणार का?" हे बाजूला कपाळाला हात लावून उभे.

एका घरात एक गोड माणूस भेटला. माझं तोंड उघडायच्या आत म्हणाला, "हो हो, तुम्हालाच! आमच्या घरातली सगळी मतं तुमचीच." मी खूश होऊन बरोबरची खूण केली. यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, खूण खोडली आणि फुली मारली.

"अहो! एवढं चांगलं बोलला बिचारा."

यांनी पाटीवर लिहिलं, 'फार पटकन हो म्हणाला.' आणि खाली, 'आपला असतो तो आधी भांडतो.'

मला ते तेव्हा पटलं नाही. पण पुढे पुढे दिसायला लागलं. उमेदवार बाईंच्या नावाने बोटं मोडणारी एक पाव भाजणारी होती, अर्ध्या झोपेतून उठलेली. बाई फोन उचलत नाहीत, भेटत नाहीत, हॉस्पिटलचं एवढं उशिरा का बोलल्या, सगळा पाढा वाचला. यांनी तिच्यापुढे बरोबरची खूण केली, एवढीशी, कोरीव. अरे वा, म्हटलं, हा माणूस लिफ्टच नाही, दारंही दुरुस्त करत होता इतकी वर्षं.

पण दमायचं म्हणजे किती! संध्याकाळी घरी आले की चपला काढायच्या आधी बसायला लागायचं. कुठे कुत्रं, कुठे दाराच्या फटीतून नुसता एक डोळा, कुठे टीव्हीचा आवाज कमीसुद्धा न करता "टाकून जा कागद." एका तरुणाने कानातला इअरफोन न काढता दार उघडलं, माझं सगळं ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाला, "पार्सल कुठाय?" आणि प्रत्येक दारात मी शपथेवर सांगत होते की आम्ही नवराबायको दोघं याच पक्षाचे. तोंड कडू व्हायचं. पण हे रोज बूट घालत होते. तेवढ्यासाठी मी सूर्य पश्चिमेला उगवतो असंही सांगितलं असतं.

यंत्र मात्र खणातच होतं. मी एकदा पर्समध्ये टाकून नेलं आणि जिन्यात पुढे केलं. यांनी हात मागे बांधून घेतले. "लावा की हो. एक 'नमस्कार' म्हणा, बाकी मी बघते." यांनी पाटीवर लिहिलं, 'लोक हसतील.' मी म्हटलं, "हसू देत, मला नाही का हसत?" पण नाही म्हणजे नाही.

मग टेलरमास्तरांचं दार आलं.

टेलरमास्तर म्हणजे यांचं जुनं वैर. तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. पक्के दुसऱ्या पक्षाचे, म्हणजे माझ्याच पक्षाचे की! पण ते त्यांना कुठे ठाऊक. दर निवडणुकीला हे मुद्दाम त्यांच्याकडे जायचे. फुली ठरलेली, तरी जायचे. दोघं दारात उभं राहून एकमेकांचे वाभाडे काढायचे, भांडण जिन्यावरून खालच्या दुकानापर्यंत ऐकू यायचं, आणि हे घरी यायचे ते दहा वर्षांनी तरुण होऊन. यंदा त्या जिन्यावर चढताना यांचा श्वास त्या रुमालातून फडफडत होता, तरी पायात जोर होता. मला वाटलं, इथे काहीतरी होईल.

मास्तरांनी दार उघडलं. कानावर पेन्सिल, गळ्यात टेप. यांना बघून चेहरा खुलला, छाती फुगवली, तोंड उघडलं. मग नजर रुमालावर गेली. छाती खाली आली. मी हॉस्पिटलचं सुरू केलं, तर ते ऐकेचनात. यांच्या खांद्यावर हात ठेवून मऊ आवाजात म्हणाले, "राहू द्या वहिनी. यंदा मत तुम्हालाच. बास? तुम्ही आता घरी जाऊन आराम करा."

यांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. खांदा सोडवून घेतला, वळले, आणि कठडा धरून खाली गेले. मी मागून हाका मारतेय, गुडघे ओरडतायत, पण थांबले नाहीत. घरी येऊन बूट काढले, फेकलेच म्हणा ना, आणि खुर्ची भिंतीकडे वळवून बसले.

दुसरा दिवस तसाच. पाटी कोरी. मी हात टेकले. खरं सांगते, त्या दिवशी दुपारी मी ओट्याशी उभी राहून रडले. नळ सोडून, म्हणजे ऐकू जाऊ नये. एवढी पायपीट केली, एवढं खोटं बोलले, आणि एका भल्या माणसाच्या दयेने सगळ्यावर पाणी पडलं.

मग मला राग आला. माझ्या रागाची गंमत अशी, की तो आला की गुडघे दुखायचे थांबतात. मी कागद उचलले आणि एकटीच निघाले, तडक टेलरमास्तरांकडे.

"मास्तर," दार उघडल्या उघडल्या मी म्हटलं, "भांडायचं असेल तर भांडा. भीक घालू नका."

"अहो वहिनी, मी आपलं चांगल्या मनाने—"

"ते चांगलं मन ठेवा तुमच्याकडे. आमच्या घरात एक माणूस तुमच्या चांगुलपणाने आजारी पडलाय. एवढी वर्षं त्याला तुमच्या तोडीचा समजत होतात ना? मग आता गळा कापला म्हणून डोकंही कापलं का?"

मास्तर गडबडले. मग हळूहळू त्यांनाही चेव चढला. "मग ऐका," म्हणाले, "हॉस्पिटल हायवेवर गेलेलंच बरं! इथे गल्लीत अँब्युलन्स शिरत नाही." आणि झालं सुरू. मी काय काय बोलले देव जाणे. बसचं आधी, हॉस्पिटलचं नंतर, मध्येच पाळणाघर. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं, की हॉस्पिटलचं मला खरंच वाटतंय. यांना आत नेलं तेव्हा मी त्याच हॉस्पिटलच्या पायरीवर बसले होते, घरून दोनदा जेवण करून आणलं होतं. हायवेवर कुठून नेलं असतं? तेही मी त्यांना ऐकवलं. शेवटी मास्तर ओरडले, "मत आमच्याच माणसाला देणार, जा!" आणि मी जिन्यात उभं राहून त्यांच्यापुढे चांगली ठसठशीत फुली मारली. इतकं बरं वाटलं!

घरी आले आणि खुर्चीच्या पाठीला सांगितलं, "टेलरमास्तरांशी भांडून आले. मला म्हणाले, अँब्युलन्स गल्लीत शिरत नाही. मी म्हटलं, मग बस शिरते ना, बसने जा."

खुर्ची हलली. हे वळले. डोळ्यांत जो काही संताप होता तो मी वर्षभरात पाहिला नव्हता. पाटी ओढून भराभरा लिहायला लागले. 'अँब्युलन्ससाठी मागचं फाटक आहे! ते बंद ठेवलंय त्यांच्याच लोकांनी! हे सांगायचं!' पुसलं. 'हॉस्पिटल आधी. बस नंतर. किती वेळा?' पुसलं. 'पाळणाघर कुठून आलं मध्ये?'

"आलं आपलं," म्हटलं मी, आणि गॅसकडे वळले.

दुसऱ्या दिवशी बूट घालून दारात माझ्या आधी उभे. माझ्यावर विश्वास नाही म्हणून. असू दे.

मतदानाच्या आदल्या दिवशी प्रचार थांबला, आणि दुपारी सगळ्यांना त्या आरशांच्या ऑफिसात बोलावलं. मी आणि हे शेजारशेजारच्या फिरत्या खुर्च्यांत. पाय असे सुजलेले की चपलेचा पट्टा मांसात रुतलेला. शिट्टीबाईंनी एक छोटी शिट्टी मारली.

"उद्याचं नीट ऐका," त्या म्हणाल्या. "उद्या पटवापटवी नाही. उद्या फक्त आठवण. ज्यांच्यापुढे बरोबरची खूण, त्यांचं दार सकाळीच वाजवायचं, मत देऊन या म्हणायचं. दुपारी पुन्हा बघायचं. आणि फुलीच्या दारात उद्या पाऊल टाकायचं नाही. आठवण करून द्यायची नाही, मतदानाचा म सुद्धा काढायचा नाही. विसरला तर विसरू दे. आपण होऊन त्यांच्या मताची त्यांना आठवण कशाला करून द्यायची? हा नियम आपल्याकडे पहिल्यापासून आहे. भोंग्यांना विचारा, त्यांनीच तर सगळ्यांना शिकवलाय."

सगळे यांच्याकडे बघून हसले. हेही मान हलवून हसले.

मी नाही हसले. मी आरशात बघत होते.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. दर मतदानाच्या दिवशी हे पहाटे उठून बाहेर पडायचे. सगळ्या वस्तीला हाका. आजाऱ्याला खुर्चीत बसवून नेलं, बाळंतिणीचं मूल स्वतः धरून उभे राहिले, एकाला तर अंघोळीतून बोलावलं. आणि मला? मला कधी एका शब्दाने विचारलं नाही. "मत दिलंस का?" नाही, "चल बरोबर" नाही. मी एकटी जायची आणि एकटी यायची. मनाला फार लागायचं ते. मला वाटायचं, बाहेरच्या जगासाठी एवढा आवाज, आणि घरातलं माणूस म्हणजे भिंत. लेकीजवळ एकदा रडलेही होते त्यावरून.

आणि आता आरशात मला यांचा चेहरा दिसत होता. हसता हसता त्यांची नजर माझ्या नजरेला भिडली आणि चटकन खाली गेली.

फार पटकन हो म्हणाला. हो हो, तुमच्याच माणसाला. गॅसकडे तोंड करून.

म्हणजे यांना माहीत होतं. इतकी वर्षं मी फुली होते. माझ्याच घरात, यांच्याच ताटासमोर बसलेली फुली. आणि या माणसाने एकदाही, भांडणात सुद्धा, ते काढलं नव्हतं. फक्त नियमाप्रमाणे आठवण करून दिली नव्हती.

घरी येताना मी पायांकडे बघत चालले होते. लाज वाटत होती, हसू येत होतं, आणि वाईट याचं वाटत होतं, की उद्यानंतर प्रचार नाही. बूट घालायला कारण नाही. परवा ही खुर्ची आणि ही भिंत.

सकाळी मी ओट्याशी उभी होते, पाठमोरी, चहा ठेवत. हे आत काहीतरी खुडबुडत होते. मला वाटलं, निघायची तयारी. आता गुपचूप बाहेर पडतील, बरोबरच्या खुणांची दारं वाजवायला, आणि मला नेहमीसारखं ओलांडून जातील. त्यात आता तक्रार करायलाही मला जागा नव्हती.

मागून गुणगुणल्यासारखा आवाज आला. फ्रिज बिघडला, असं आधी मनात आलं.

"मत... देऊन... ये."

मी वळले. स्वयंपाकघराच्या दारात हे उभे. बूट घातलेले. रुमालाच्या बाजूला गळ्याला ते यंत्र टेकवलेलं, त्याला माझ्या खणातला लाल दोरा अडकून लोंबत होता.

"काय?" मी म्हटलं. ऐकू आलं होतं मला. पण मला पुन्हा ऐकायचं होतं.

"मत. देऊन ये."

ना चढ ना उतार, सपाट, डब्यातल्या भुंग्याचा आवाज. आणि मी सांगते, त्या भोंग्याने आयुष्यभर जेवढं ओरडून सांगितलं त्यातलं काही मला इतकं आत गेलं नव्हतं.

"अहो, कुणाला आठवण करून देताय?" मी म्हटलं. "काल शिट्टीबाईंनी काय सांगितलं? फुलीच्या दारात..."

"माहीत... आहे."

"कधीपासून माहीत आहे?"

ओठ आधी हलले, आवाज जरा मागून आला. "पहिल्या... 'हो हो'... पासून."

मला हसू फुटलं आणि त्याबरोबर रडू. दोन्ही एकदम आलं की माणूस फार वाईट दिसतो, पण तिथे आरसा नव्हता. पदर तोंडाला लावला. "मग आज का? तुमच्या पक्षाचं नुकसान नाही होत?"

यांनी बटणावर अंगठा धरला. बराच वेळ नुसतं गुणगुणणंच आलं, शब्द नाही. मग म्हणाले, "तू... माझ्यासाठी... फिरलीस ना."

चहा उतू गेला. जाऊ दिला.

मग आम्ही दोघं मिळून गेलो. पहिल्यांदाच. रांग मोठी होती, पाय दुखत होते, पुढची बाई फोनवर कुणाला तरी भाजी सांगत होती. आत गेले. हॉस्पिटलची ती पायरी डोळ्यांपुढे आली, हात घुटमळला, खोटं कशाला सांगू. पण मग वाटलं, यांनी नियम मोडून ज्या मताची आठवण करून दिली, ते मत माझं होतं, यांचं नव्हतं. मी माझ्या पाळणाघरवाल्यांनाच दिलं. पुढच्या खेपेचं पुढे बघू.

बाहेर आले तर हे फाटकाशी, यंत्र हातात, लाल दोरा तसाच. दोघंतिघं ओळखीचे दुरून बघत होते, जवळ यावं की नाही अशा बेताने.

"झालं?" यांनी यंत्राने विचारलं. चांगलं सगळ्यांना ऐकू जाईल असं. एक पोरगं हसलं. हे त्याच्याकडे बघून हसले.

"झालं. कुणाला दिलं, ते नाही विचारणार?"

यांनी मान हलवली आणि हवेत बोटाने एक फुली काढली.

"चला मग घरी," मी म्हटलं. "माझ्यात आता जीव राहिला नाही."

"टेलर... अजून... आला नाही."

"अहो, तीही फुलीच आहे! मी स्वतः मारलीय!"

"माहीत आहे," असं म्हणून हे चालायला लागले, आणि मी कपाळाला हात लावून मागोमाग.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. यांनी बेल दाबली आणि या खेपेला मागे सरले नाहीत. दार उघडलं, मास्तर कानावर पेन्सिल घेऊन उभे, आणि यांनी यंत्र गळ्याला टेकवून सरळ सुरुवात केली, "मागचं... फाटक... कुणी बंद केलं?" मास्तरांनी कानावरची पेन्सिल खिशात टाकली. मग छाती फुगवली आणि असे काही ओरडले की खालच्या मजल्यावरचं दार उघडलं. हेही काही ऐकून घेईनात. मी कठड्याला टेकले, चपला काढून पाय फरशीवर ठेवले. फरशी गार होती. कितीतरी दिवसांनी मला गप्प बसायला मिळालं.